परमिटवाले लांजेवार काका

लांजेवार काकांच्या घरी बल्ब बदलायचा असला, तरी आधी परमिट काढावे लागते.

काका खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. तिथली पद्धत अशी, की यंत्राला हात लावण्याआधी ते बंद करायचे, परमिटवर सही घ्यायची आणि बटनावर लाल टॅग लटकवायचा : ‘माणूस आत काम करत आहे. सुरू करू नये.’ काम संपले की ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्याने काढला, तर आतल्या माणसाचे काय होईल हे सांगायला नको. काका ही परमिटे देणारे अधिकृत गृहस्थ होते. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि कोऱ्या टॅगांचा एक गठ्ठा घेऊन ते घरी आले. शाल कुठे गेली माहीत नाही. टॅग अजून चालू आहेत.

मिक्सर धुवायचा असला की मिक्सरवर टॅग. पंखा पुसायचा असला की पंख्याच्या बटनावर टॅग. एकदा सिंधूकाकींनी वैतागून टीव्हीलाच टॅग लावला आणि भाचीच्या लग्नाला उमरेडला निघून गेल्या. काका तीन दिवस बातम्यांवाचून बसले.

“काढून टाका ना, काका,” मी म्हणालो.

“काहून? तिनं लावला, तिचीच सही पायजे.”

मी त्यांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. नरखेडच्या शाळेत शिकलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली तेव्हा या घराने मला जागा दिली. काकांनी माझे पदवीचे प्रमाणपत्र उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिले आणि म्हणाले, “परमिट पक्कं आहे.” तेव्हापासून घरातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडे येतो. विम्याचा आला, वॉशिंग मशीनचा आला. मीही उपकार स्मरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.

पोर्चमध्ये एक स्कूटर उभी आहे. तिच्या हँडलला या घरातला सगळ्यात जुना टॅग आहे, आणि तो काकांचा नाही. त्यांच्या मुलाचा, नितीनचा आहे. नितीनने वीज केंद्रात लागावे अशी काकांची इच्छा. तो हॉटेलच्या कामासाठी परदेशी गेला. निघायच्या दिवशी भांडण झाले. काका म्हणाले, “तुही स्कूटर भंगारात देतो.” नितीनने बापाच्याच गठ्ठ्यातला एक टॅग घेतला, सही केली आणि हँडलला बांधून निघून गेला. झाली काकांची पंचाईत! सहा वर्षे झाली, स्कूटर विकता येत नाही आणि जागची हलवताही येत नाही. दर रविवारी ते टॅगला प्लास्टिकची पिशवी बांधतात आणि स्कूटर आहे तिथेच धुतात. माझी मोटारसायकल बाहेर उन्हात तापते.

गेल्या महिन्यात अशाच एका रविवारी काकांनी माझ्यापुढे एजंटाने दिलेला कागदांचा जाड गठ्ठा ठेवला.

“वाच. थायलंडमधी बार इकत घेऊन राहिलो. समुद्रावर.”

मला वाटले, माझ्या ऐकण्यात चूक झाली. ज्या लग्नात सरबताला फेस दिसला, तिथून उपाशी परतणारे हे गृहस्थ!

“म्हातारपणी याईले फुलाफुलाची चड्डी घालून वाळूत बसाचं आहे,” काकी आतून म्हणाल्या. “कन्हान नदीत का वाळू नोयती?”

“तू चूप राय वं. आपल्याकडे बारच्या पाटीवर का लिवते? परमिट रूम! परमिट म्हंजे माहं खातं.”

चेष्टा नव्हती. त्यासाठी घर विकायचे ठरले होते. सोमवारी गिऱ्हाईक इसार घेऊन येणार होते. वाचायला माझ्या हाती फक्त रविवार होता. मी सगळा गठ्ठा वाचून काढला.

“काका, परदेशी माणसाले तिथं जमीन घेता येत नाही.”

“मंग आपण का घेऊन राहिलो?”

“खुर्च्या, फ्रीज आन् छप्पर. वाळू भाड्यानं. तीन वर्षांनी करार वाढवाचा का नाही, ते वाळूवाल्याची मर्जी.”

“पण मालक तं मीच.”

“कंपनी काढा लागते. त्यात अर्ध्याहून जास्त हिस्सा तिथल्याच एका माणसाचा. नावापुरता आहे, असं एजंट म्हणते.”

“नावापुरता कोण? तो का मी?”

“तुम्ही, काका.”

काका डगमगले नाहीत. मी पुढे वाचले, “आन् बारमधी काम कराले परमिट लागते.”

काकांचा चेहरा उजळला. ते आत गेले आणि आपले जुने ओळखपत्र घेऊन आले : ‘परमिट देण्यास अधिकृत.’

“हे तिथं नाही चालत, काका. त्याईच्या सरकारचं पायजे. त्याच्याबिगर गिलास जरी भरला तरी पोलीस धरतात.”

“मालकाले?”

“मालकालेच.”

काकांनी ओळखपत्र खिशात ठेवले. “नियम बरोबर आहे,” ते म्हणाले. “बिनपरमिटाचा हात लावाचाच नाही. मंग मालकानं कराचं का?”

“गिऱ्हाईकासारखं बसाचं.”

काकी आत खो खो हसल्या. मीही हसत शेवटचे पान उलटले. तिथे कामगारांची यादी होती. सगळ्या कागदात फक्त चौथ्या नावाखाली लाल पेन्सिलीची रेघ होती : लांजेवार, नितीन डी.

मी वर पाहिले. काका स्कूटरचा आरसा पुसत होते.

“जुना मालक इकून राहिला,” ते आरशाकडे बघतच म्हणाले. “नवा आला का जुनी माणसं काढते. पोरगा मायले फोनवर सांगून राहिला होता. म्या आयकलं.”

आतले हसू थांबले होते.

“काढलं तं तो घरी येईन ना, काका,” मला सुचले ते मी बोललो.

“काढलं म्हनून नाही आला पायजे, गा. त्याच्या मनानं आला पायजे.” त्यांनी आरसा पुन्हा पुसला, तो कधीच स्वच्छ झाला होता. मग विचारले, “गिऱ्हाईकाले परमिट लागते का?”

“नाही. नुसतं बसाले काही नाही लागत.”

“लिंबूपाणी भेटते?”

“भेटत असन.”

“मंग तिकीट पाह्य. दोन.”

सोमवारी घर घेणारे गिऱ्हाईक आले, तेव्हा आमच्या फाटकाला लाल टॅग लटकत होता.

काल त्यांच्या बॅगा भरून झाल्या. काकींनी भाजणी आणि सांडगे कोंबले. सगळ्यात वर काकांनी जुने परमिट बुक ठेवले. एक फॉर्म भरलेला होता. कामाच्या जागी लिहिले होते : ‘स्कूटर.’ काम पूर्ण झाल्याची तारीख आणि सही, या दोन जागा कोऱ्या होत्या.

“सहा वर्षं झाले, हे परमिट उघडंच आहे,” काका म्हणाले. “सही भेटली तं टॅग काढतो. तुही गाडी सावलीत लावता येईन.”

“आन् नाही दिली सही तं?”

काकांनी हँडलजवळ जाऊन टॅगला पिशवी बांधली आणि गाठ नीट घट्ट केली.

“तं राहू दे,” ते म्हणाले. “माणूस आत आहे, असं समजाचं.”