रंभाबाईंनी वाचलेलं उलटं पान

कार्यक्रम आखण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या नागपुरात नाही! हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो. फक्त आमची बायको शामला तेवढी ऐकून घेत नाही.

"तुम्ही आखता, अन् निस्तरते दुसरंच कोणी," ती म्हणते.

असो. यंदा रेडिओ दिनाला आमच्या श्रोता मंडळानं सदर भागातल्या एका सभागृहात जुन्या रेडिओंचं प्रदर्शन भरवलं. मंडळाचा सचिव मी, रुपराव. एरवी नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंग क्लार्क. आणि प्रदर्शनाचं आकर्षण होत्या रंभाबाई, वय वर्षं ब्याऐंशी. एकेकाळी त्या रेडिओवर मराठी बातम्या वाचायच्या. काय तो आवाज! पितळेच्या घंगाळात पाणी पडावं तसा!

त्या दिवशी बाईंनी जुन्या थाटाचं बातमीपत्र वाचायचं ठरलं. मजकूर मी लिहिणार होतो.

"कागद एकाच बाजूनं लिहिलेले आण गा," बाई म्हणाल्या. "आम्ही पान उलटवत नव्हतो, सरकवत होतो. कागद फडफडला का माईकले ऐकू जाते."

"आधी एकदा वाचून घ्या ना बाई."

"कायले? मी वाचून राहायची अन् शेवटचं पान तेव्हा हातात यायचं. ते बी इंग्रजीत! तिथंच मराठी करायचं अन् वाचायचं. मधात थांबलं तर लोकायले वाटे, रेडिओच बिघडला!"

मी थक्क! मला तर बायकोची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचल्याशिवाय कळत नाही.

कागद मी ऑफिसातलेच वापरले. एका बाजूला गाड्यांचा त्याच सकाळचा अहवाल छापलेला, दुसरी बाजू कोरी. बाईंनी एकाच बाजूनं लिहायला सांगितलं होतं, मी एकाच बाजूनं लिहिलं!

प्रमुख पाहुणे होते काटोलचे संत्रा व्यापारी मारोतराव. वडिलांचा टेबलाएवढा रेडिओ त्यांनी प्रदर्शनाला दिला होता. आमच्या कंपनीचेही ते मोठे गिऱ्हाईक. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "रुपराव, माही गाडी कुठं पोहोचली?"

"हैदराबाद आलंच समजा जी!"

"बरं झालं. संत्रा नरम पडला का कोणी हात लावत नाही."

आता तुम्हाला म्हणून सांगतो, गाडी कालपासून वाडीतच उभी होती. क्लच गेला होता. मिस्त्री "आता होते, आता होते" म्हणत होता, आणि मी आपला त्याच्या भरवशावर गाडी तोंडानंच पुढे नेत होतो.

कार्यक्रम सुरू झाला. बाई माईकपुढे बसल्या, पाठ ताठ झाली आणि घरची वऱ्हाडी कुठल्या कुठे गेली! "नमस्कार. रंभा आपल्याला बातम्या देत आहे." सभागृहात टाचणी पडली असती तरी दचकलो असतो.

पहिलं पान सरकलं. दुसरं सरकलं. तिसरं पान मी फायलीत उलटं लावलं होतं!

त्यावर छापलं होतं: 'काटोल पार्टी, संत्रा, हैदराबाद. गाडी ४४१७. क्लच गेला. कालपासून वाडीत उभी. पार्टीले सांगू नये.'

बाईंची पापणीही हलली नाही. "काटोलहून हैदराबादकडे निघालेला संत्र्यांचा ट्रक, क्रमांक चव्वेचाळीस सतरा, कालपासून वाडी इथं उभा असल्याचं वृत्त आहे. ट्रकचा क्लच निकामी झाला असून, संबंधित व्यापाऱ्यांना ही माहिती न देण्याच्या सूचना असल्याचं समजतं."

लोक खूश! मागून कुणीतरी म्हणालं, "पाहा, तेव्हा बी वाडीत गाड्या अशाच उभ्या राहायच्या!" मारोतरावही हसले. मग त्यांनी खिशातून बिल्टी, म्हणजे मालाची पावती, काढली. गाडीचा नंबर वाचला. हसू थांबलं.

मी दोन्ही हात हलवून बाईंना 'थांबा, थांबा' अशी खूण केली. मला काय माहीत, स्टुडिओत त्या खुणेचा अर्थ 'वेळ उरला आहे, सावकाश वाचा' असा होता!

"ठळक बातमी पुन्हा एकदा," बाई म्हणाल्या आणि ट्रकचा नंबर एकेक आकडा सुटा करून वाचला!

मारोतराव उठले. आता हे मला इथंच सोलणार! पण ते फोनकडे वळले. "गाडी वाडीत हाय! दुसरी लावा, पेट्या तिच्यात पलटी करा, लवकर!" मग बाईंच्या पाया पडले. "बाई, आमचे बाबा तुमची बातमी ऐकून पेरणी करत. आज तुम्ही माहा माल वाचवला."

"मले वाटलं, ताजी बातमी आली," बाई घरच्या बोलीत म्हणाल्या. "अन् क्लच म्हणजे मराठीत काय गा? तिथं मी अडखळली."

अडखळल्या? कुणाच्या बापाला कळलं नव्हतं!

मारोतराव माझ्याकडे वळले. "अन् तुमचं हैदराबाद? काहून खोटं बोलले?"

मी ते उलटं पान घाईघाईनं सुलटं करून फायलीत लावलं.

सोमवारी मारोतरावांनी आमच्या मालकांना कळवलं: यापुढे गाडीची खबर रुपरावांकडून नको, बाईंच्या आवाजात पाहिजे. मालकांना कल्पना भलतीच आवडली. आता रोज सकाळी बाई गाड्यांच्या बातम्या फोनवर रेकॉर्ड करतात आणि ते रेकॉर्डिंग सगळ्या व्यापाऱ्यांना जातं. पण बाईंची एक अट आहे. बातमी डोळ्यांनी पाहिलेली हवी! म्हणून मी साडेआठपासून वाडीच्या यार्डात धूळ खात, एकेका ट्रकपुढे उभा राहून नंबर लिहून घेतो.

परवा एक आकडा चुकला. बाईंनी दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच दुरुस्ती वाचली. माझ्या संपूर्ण नावासकट, सावकाश, दोनदा!