वच्छीकाकूंच्या पिशवीत कोणाचं काय होतं

एका जंगलात, बाळांनो, कोणी कधी कुठे जात नसे. त्यामुळे परदेशी जाताना काय काळजी घ्यावी, हे तिथे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

त्या जंगलात वच्छीकाकू नावाची एक खार राहायची. बाभळीवर घर, स्वभाव गरीब. 'नाही' म्हणायची वेळ आली की काकूंच्या तोंडून 'बरं' निघायचं. त्यांची एकुलती एक लेक मंजिरी लग्न होऊन नदीपल्याडच्या जंगलात गेली होती. नदीपल्याड म्हणजे परदेशच की! आता मंजिरीचे दिवस भरत आले होते. पोपटाबरोबर तिचा निरोप आला, "आई, पौर्णिमेच्या आत ये. मला एकटीला भीती वाटते गं."

काकू लगेच कामाला लागल्या. त्यांनी बाभळीचा डिंक गोळा केला, चाळीस लाडू वळले. सावरीच्या मऊ कापसाची दुपटी शिवली. पिशवी भरली. आता फक्त निघायचं होतं.

पण असं सल्ल्यावाचून कोणी निघतं का? काहीतरीच तुमचं!

पहिले आले साळिंदर गुरुजी. गुरुजी एकदा पुरात वाहत पल्याड लागले होते आणि चार दिवसांनी कासवाने त्यांना परत आणून सोडलं होतं. त्या चार दिवसांवर ते वीस वर्षं व्याख्यानं देत होते.

"लिहून घ्या, काकू," गुरुजी म्हणाले. "ओळखपत्राची नक्कल वेगळ्या जागी ठेवायची. पाणी उकळून प्यायचं. रस्ता विचारायचा तर वर्दीवाल्याला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्याचं सामान न्यायचं नाही! कोणी कितीही गळ घालू दे. आत काय असेल सांगता येत नाही. लोक फार वाईट."

"नाही नेणार," काकू म्हणाल्या.

"शाब्बास! बरं, हा एवढा सुरण पल्याडच्या आमच्या पुतण्याला द्या. घरचा आहे."

सुरण काकूंच्या डोक्यापेक्षा मोठा होता. काकूंनी तो घेतला.

मग आल्या घोरपडमावशी. "वच्छी, तू भोळी आहेस म्हणून सांगते हो," मावशी म्हणाल्या. "कोणाचं काही घेऊ नकोस. गळ्यात पडतात मेले! आणि ही पिशवी केवढीशी गं तुझी? माझी ने. मोठी आहे, शिवाय तळाशी आमच्या बंड्यासाठी सहा अंडी ठेवली आहेत. ती तशीच राहू देत."

शेवटी तरसभाऊ आले. त्यांनी आधी सुरण पाहिला, मग अंडी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "काय हे, वहिनी! लोकांना काही लाजलज्जा? तुम्ही हमाल आहात का?" काकूंना भरून आलं. आपलं दुःख समजणारं कोणीतरी भेटलं, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात तरसभाऊंनी पाठीमागून गाठोडं काढलं. "ही फक्त हाडं आहेत, आमच्या धाकट्याची. म्हणजे धाकट्यासाठी. आणि नाक्यावर विचारलं तर 'सगळं माझंच आहे' असं सांगा. उगाच आमची नावं नकोत."

नदीकाठी सगळे निरोप द्यायला जमले. पल्याड नेणाऱ्या कासवाने पिशवी उचलून पाहिली आणि मान हलवली. "प्रवाशाच्या वजनाइतकंच सामान. वर एक पानसुद्धा चालणार नाही."

"मग सुरण जरा..." काकूंनी सुरुवात केली.

गुरुजींचे काटे ताठ उभे राहिले.

"नाही हो, मी आपलं सहज म्हटलं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी दहा लाडू काढले. पिशवी जडच. आणखी दहा काढले. मग उरलेले वीस. तरी पिशवी जड.

"दुपटी काढ की," मावशी म्हणाल्या. "तिकडे काय दुपटी मिळत नाहीत होय?"

काकूंनी दुपटी काढली, तेव्हा कुठे वजन जुळलं. लाडू मात्र वाया गेले नाहीत हं, बाळांनो. तरसभाऊंनी ते काठावरच संपवले आणि डिंक थोडा कमी पडला, असं सांगितलं.

पलीकडच्या नाक्यावर करकोचासाहेब उभे होते. एका पायावर.

"पिशवी तुमचीच?"

"माझीच."

"भरली कोणी?"

"मीच."

"दुसऱ्या कोणाचं काही आहे?"

काकूंच्या डोळ्यांपुढे तिघे शेजारी उभे राहिले. "छे हो! सगळं माझं."

साहेबांनी चोच घालून एक हाड बाहेर ओढलं. "हे काय?"

"चघळायला लागतं मला. प्रवासात."

साहेबांनी पुन्हा चोच घातली. अंडी निघाली. करकोचा झाला तरी पक्षीच तो. त्याचा दुसरा पाय आपोआप खाली आला.

"ही कोणाची?"

"माझीच आहेत, साहेब."

"तुम्ही घातलीत?"

काकूंनी लाजून मान खाली घातली. "आता वयोमानाप्रमाणे पूर्वीसारखं होत नाही," त्या म्हणाल्या.

साहेबांनी उभ्या नोकरीत बरंच खोटं ऐकलं होतं, पण इतकं केविलवाणं कधी ऐकलं नव्हतं. त्यांना दया आली. "बाई, कशासाठी आलात?"

"लेकीचं बाळंतपण आहे हो. परवा पौर्णिमा. वाट बघत असेल पोर."

"मग असं करा. यातली एक वस्तू, जी खरोखर तुमची असेल, ती उचला आणि चालू लागा. मी काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही."

काकूंनी पिशवी पालथी केली. सुरण गुरुजींचा. अंडी मावशींची. हाडं तरसभाऊंची. त्यांनी पिशवीचे कोपरे चाचपले. लाडवाचा एखादा कण तरी सापडेल असं त्यांना वाटत होतं. मग पिशवीच उचलली आणि आठवलं, तीसुद्धा मावशींचीच.

"साहेब," काकू हुंदके देत म्हणाल्या, "यात माझं काहीच नाही हो."

आता साहेब तरी काय करणार? परक्याचा माल आणि वर खोटी जबानी. सामान जप्त झालं आणि काकूंना पिंजऱ्यात बसवलं. ज्यासाठी आल्या ते राहिलं बाजूला. पौर्णिमा आली आणि गेली.

चौथ्या दिवशी सकाळी पिंजऱ्याशी कोणीतरी आलं. मंजिरी होती! चेहरा ओढलेला, पाठीवर पानांत गुंडाळलेली तीन पिल्लं. ती एकटीच बाळंत झाली होती. बाळंतीण ओल्या अंगाने आईला सोडवायला आली, जामिनावर पंजा उठवला आणि काकूंना जवळ बसवून स्वतःच्या हाताने भरवलं.

"मी तुझं करायला आले होते गं," काकू रडत म्हणाल्या.

"असू दे, आई. आधी जेव," मंजिरी म्हणाली. "आणि यापुढे कोणाचं काही आणायचं नाही. शपथ घे."

काकूंनी पिल्लांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. अगदी मनापासून घेतली. आपण काय गमावलं, ते त्यांना त्या घासाघासाला कळत होतं.

तेवढ्यात पोपट येऊन बसला. गावचा निरोप होता.

"गुरुजी विचारतात, सुरण पोचला का? मावशी विचारतात, अंडी फुटली तर नाहीत ना? तरसभाऊ म्हणतात, हल्ली विश्वासाने कोणाकडे काही द्यायची सोय राहिली नाही. आणि तिघांनीही सांगितलंय, परत येताना तिकडचे अक्रोड घेऊन या. प्रत्येकी एक पोतं."

मंजिरीने आईकडे पाहिलं. काकू ताडकन उठल्या. शेपटी फुलली. डोळे लाल झाले. पोपट घाबरून दोन फांद्या वर सरकला. इतक्या वर्षांत काकूंना असं कोणीच पाहिलं नव्हतं.

काकूंनी तोंड उघडलं.

"फोडलेले हवेत," त्यांनी विचारलं, "की अख्खे?"

तात्पर्य: परदेशी जाताना अनोळखी माणसाने दिलेली वस्तू मुळीच घेऊ नये. ओळखीच्यांचं सामान भरल्यावर तिला जागा उरत नाही.