ताशी अठ्ठ्याहत्तरला सुरू होणारा थरकाप

रविवार, दिनांक १२ ऑक्टोबर २००३, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. स्थळ: नाशिक, पंचवटीतील आमच्या घरासमोरचा रस्ता. गाडीत माणसे चार, नारळ पाच, पेढे पाच किलो. चाकांतील हवा मी पहाटे स्वतः मोजली होती.

"मालेगाव एकशे पाच किलोमीटर!" मी जाहीर केले. "दोन तास पाच मिनिटांत तुमच्या दारात. समोर पाण्याने भरलेला पेला ठेवा, थेंब सांडला तर माझे नाव मोतीराम नाही!"

हे म्हणताना माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. १९६५ साली तंत्रनिकेतनाची यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतल्यावर मी सातपूरच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात, सदतीस वर्षे काढली. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने चुकलेले शाफ्ट मी परत पाठवले आहेत; आणि ते घेऊन येणारी माणसेसुद्धा!

शेजारच्या आसनावर सावळीरामभाऊ होते, मालेगावचे सुताचे व्यापारी. मागे त्यांच्या पत्नी सगुणाबाई आणि आमच्या सौभाग्यवती लताबाई. त्यांचा ज्ञानेश आणि आमची भाग्यश्री यांनी एकमेकांना पसंत केले होते. घर पाहण्यासाठी सावळीरामभाऊ आणि सगुणाबाई शनिवारी आमच्याकडे मुक्कामाला आले होते आणि आज साडेअकरा वाजता, मालेगावी, त्यांच्या घरी सुपारी फुटायची होती. सुपारी फुटली की शब्द पक्का; तोवर दोन्ही पक्ष मोकळे. "बाबा, आज जरा कमी बोला," एवढेच घरी थांबलेल्या भाग्यश्रीने आम्ही निघताना मला सांगितले होते. तिचा चेहरा परीक्षेच्या निकालाला निघाल्यासारखा झाला होता.

आडगाव मागे पडले. रस्ता मोकळा मिळाला. दसऱ्यापासून गाडी शहरातच फिरत होती, तिला ही पहिलीच धाव! साठ. सत्तर. पंचाहत्तर. अठ्ठ्याहत्तरला काटा आला आणि माझ्या हातातले स्टिअरिंग, भरलेल्या एसटीत उभ्याने झोपलेल्या प्रवाशाला कोणी हलवावे तसे, दचकून जागे झाले. ऐंशीला ते थंडी वाजल्यासारखे थरथरू लागले! त्याच्यासोबत माझी बोटे, मनगटे, कोपर, आणि शेवटी चष्मासुद्धा!

खरे सांगतो, भीती वाटली नाही. अचंबा वाटला. सत्तरला शांत असलेली वस्तू ऐंशीला पिसाळते, पुन्हा सत्तरला आणली की गाय! मी चार वेळा वेग वाढवला, चार वेळा उतरवला. चारही वेळा तोच आकडा! निसर्गाने एवढी वक्तशीर हजेरी लावावी आणि माणसाने ती नोंदवू नये? मी खिशातून वही काढू लागलो.

तेवढ्यात मागून सगुणाबाईंचा आवाज आला.

"ताई, राग मानू नका. मोतीरामभाऊंचे हात कापतात का हो?"

"हात नाही, गाडी थरथरतेय," लताबाई म्हणाल्या.

"गाडी कशाला थरथरेल? गेल्या आठवड्यातच धुऊन-पुसून पुजली म्हणता ना! आमच्या चुलत सासऱ्यांचे हात असेच कापायचे. पहिल्यांदा चहाची बशी हलायची. मग त्यांच्या दोन्ही पोरांना तेच लागलं."

नारळसुद्धा गडगडायचे थांबले.

मला प्रश्नाचे गांभीर्य एका क्षणात कळले. शंका माझ्या गाडीवर नव्हती, माझ्या रक्तावर होती! आणि तेच रक्त भाग्यश्रीचे.

"सावळीरामभाऊ," मी ओझरजवळ गाडी कडेला घेत म्हणालो, "प्रयोगाने सिद्ध करू. वाहन तेच, रस्ता तोच, फक्त चालक बदलायचा. तुम्ही चालवा!"

"मी?" ते म्हणाले. "मी आपला सुताचा टेम्पो चालवणारा."

"उत्तम. निःपक्षपाती साक्षीदार!"

ते स्टिअरिंगमागे बसले. मी शेजारी. आणि मग, वाचकहो, माझ्या आयुष्यातील सर्वांत वाईट आखलेला प्रयोग सुरू झाला. टेम्पो चालवून चालवून सावळीरामभाऊंचा पाय पंचेचाळीसच्या पुढे जायला विसरला होता! दहा किलोमीटर आम्ही पंचेचाळीसने गेलो. स्टिअरिंग देवळातल्या समईसारखे स्थिर. मालाने भरलेले ट्रक आम्हाला मागे टाकत होते. एका ट्रॅक्टरनेही प्रयत्न केला.

"बघा," सगुणाबाई आपल्या अहिराणी वळणावर जात म्हणाल्या, "यांच्या हातात कशी शांत शे!"

"भाऊ, ऐंशी करा! फक्त ऐंशी!" मी विनवले.

"अजिबात नाही!" सगुणाबाई कडाडल्या. "तुमचं दुखणं झाकायला माझ्या नवऱ्याचा जीव घालवू का?"

मी पेढ्यांच्या पेटीच्या झाकणावर पेन्सिलीने सूत्र लिहून दाखवले. प्रत्येक वस्तूचा स्वतःचा एक ठेका असतो, बाहेरचा धक्का त्याच ठेक्यात बसू लागला की वस्तू डोलू लागते. यास अनुनाद म्हणतात. बोलण्याच्या भरात पेन्सिलीचे टोक तुटले. सगुणाबाईंनी ते टोक पाहिले, मग माझी बोटे पाहिली.

"इंजिनीअर साहेब," सावळीरामभाऊ अवघडून म्हणाले, "घाई नको करायला. दिवाळी होऊ द्या. एखाद्या डॉक्टरला दाखवा. सुपारी काय, नंतरही फोडता येईल."

नंतर! हा शब्द आम्ही कारखान्यात कोणत्या मालासाठी वापरत होतो, ते मला पक्के ठाऊक होते. मी मागे पाहिले. लताबाईंच्या डोळ्यांत पाणी होते. सदतीस वर्षे मी दुसऱ्यांचा माल नापास केला. आज प्रथमच माझा माल, तोही काहीही दोष नसताना, नापास होत होता.

पिंपळगावला चाकांच्या दुकानाची पाटी दिसली आणि मी चालत्या गाडीत ओरडलो, "थांबवा!"

दुकानाचा मालक कुंदन, पन्नाशीचा, तोंडात बडीशेप. मी त्याला टायर, बेअरिंग, सांधे अशी संशयितांची क्रमवार यादी सांगू लागलो. चौथ्या संशयितापर्यंत त्याने ऐकले, मग गुडघ्यावर बसून पुढच्या चाकाकडे पाहिले.

"रिंगा लय चकाचक हायेत, साहेब. कोणी घासल्या?"

"मी!" लताबाई डोळे पुसत, पण अभिमानाने म्हणाल्या. "खंडेनवमीला. चिंच आणि राख लावून, चारही!"

"आन काठाला शिशाचे तुकडे व्हते, ते?"

"ते काळे काळे? घाण होती ती. निघता निघेना! शेवटी उलथन्याने काढली."

कुंदनची बडीशेप तोंडातच राहिली.

"माऊली, ती चाकाची वजनं व्हती! चाक एका अंगाला जड पडू नये म्हणून लावत्यात!"

मी तोंड उघडले आणि ताबडतोब मिटले. कारण लताबाईंनी पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला होता. खंडेनवमीला हत्यारे, अवजारे, वाहने पुजण्यापूर्वी ती कशी स्वच्छ करावीत, याच्या सूचना. अक्षर माझे. सही माझी. कलम सहावे: "पृष्ठभागावर बाहेरून आलेला एकही कण शिल्लक राहता कामा नये."

"कण म्हणालात ना?" लताबाईंनी विचारले. "ते तर चांगले सुपारीएवढे होते!"

सावळीरामभाऊ खो खो हसले. सगुणाबाई हसल्या नाहीत. त्या कागद शेवटपर्यंत वाचत होत्या.

कुंदनने चाक यंत्रावर चढवले, फिरवले. पडद्यावर आकडा आला: चाळीस ग्रॅम. दुसऱ्या चाकाचा पस्तीस. मी वहीत गणित मांडले आणि माझा हात थांबला. चाळीस ग्रॅमची ती उणीव, ताशी ऐंशीच्या वेगाला, जवळजवळ पाच किलोच्या जोराने चाकाला ओढत होती. एका सेकंदात चौदा वेळा!

"म्हणजे ही पेढ्याची पेटी?" सावळीरामभाऊंनी विचारले.

"ही अख्खी पेटी. सेकंदाला चौदा वेळा."

ते पेटीकडे बघतच राहिले. मीही. हे सूत्र मी विसाव्या वर्षी पाठ केले होते, परीक्षेत त्यावर दहापैकी दहा गुण मिळवले होते. पण ते सूत्र माझ्या मनगटात कधी शिरले नव्हते. सुपारीएवढे शिसे, आणि त्याच्यावाचून चार माणसांची गाडी, दोन घराण्यांची सोयरीक हादरते! मी नकळत त्या फिरत्या चाकाला हात जोडले. कुंदनने हे गिऱ्हाईक कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखून घेतले आणि मागची चाकेही मोजून चारहींना नवी वजने ठोकून टाकली.

"यंत्र काय, दुकानदाराचं," सगुणाबाई म्हणाल्या. "मी डोळ्याने बघेन."

त्या पुढे बसल्या. मी चालवू लागलो. सत्तर. पंचाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. ऐंशी! स्टिअरिंग हलेना. पंच्याऐंशी! जणू सगळा महामार्ग दळून, चाळून अंथरला होता. सगुणाबाईंनी काट्याकडे एकदाही पाहिले नाही. त्या एकटक माझ्या बोटांकडे पाहत होत्या. चांदवडचा घाट संपल्यावर त्या मागे टेकल्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "भाग्यश्रीलाबी तुमच्यासारखं घासता येतं का?"

"माझ्यापेक्षा जास्त," लताबाई म्हणाल्या.

"मग तो कागद मला द्या. फक्त सहावं कलम खोडून!"

मालेगावी तीसेक मंडळी जमली होती. पाटावर तांदूळ, त्यावर सुपारी. मुलीचा बाप म्हणून वरवंटा माझ्या हाती देण्यात आला. ज्ञानेश समोर बसला होता, मान खाली घालून. एक चांगला मुलगा. आता ही सुपारी फुटली की माझी भाग्यश्री या घरची. एवढा विचार आला मात्र, आणि माझी बोटे, मनगट, कोपर, चष्मा...

"व्याही," सावळीरामभाऊ माझ्या कानाशी कुजबुजले, "आता तर गाडी अंगणात उभी शे!"

मी सगुणाबाईंकडे पाहण्याचे धाडस केले. त्या पदराने डोळे टिपत होत्या. "मारा भाऊ," त्या म्हणाल्या, "आमच्या लेकीच्या वेळी यांना तर वरवंटा उचलताही आला नव्हता."

वेळ अकरा वाजून बावन्न मिनिटे. चुकलेले घाव दोन. फुटलेली सुपारी एक.