युहान्नुसच्या सुट्टीतल्या दहा पाठी

पाठ हा माणसाच्या शरीराचा सगळ्यात निरुद्योगी भाग आहे, असं राउनोचं ठाम मत होतं. हात सारखे कशात तरी असतात, तोंड दिवसातून चारदा धुतलं जातं. पाठ बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणून तर चाचणीच्या पट्ट्या पाठीवर लावतात. आणि सुट्टीत पाठीला खुर्चीला टेकण्यापलीकडे कामच नसतं. तेव्हा युहान्नुसच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाच्या, सुट्टीसारखा मुहूर्त शोधून सापडायचा नाही!

“गुरुवारी पट्ट्या लावू, सोमवारी काढू,” त्याने माइरेबाईंना सांगितलं. “मधले दिवस सगळे तळ्याकाठी लोळणार. कामाचा घाम नाही, धूळ नाही. अशी झकास चाचणी या देशात आजवर कुणी केली नसेल.”

“केली नसेल, तर त्याला काही कारण असेल,” माइरेबाई म्हणाल्या.

माइरेबाई म्हणजे केउरू गावातल्या त्या छोट्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. बोलायच्या थोडं, आणि बोलायच्या ते बहुधा खरं ठरायचं. राउनोला त्यांची ही सवय अजिबात आवडत नसे.

चाचणी होती एका धुण्याच्या द्रावाची. कागद कारखान्यातल्या मोठाल्या रुळांवर वंगण चिकटून बसतं, ते काढणारा हा द्राव टॉर्स्टेन नावाच्या एका कारखानदाराने तयार केला होता. कामगारांचे हात दिवसभर त्यात बुडणार, तोंडावर शिंतोडे उडणार. म्हणून तो कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो का, हे पाहायचं. डोळ्यांचं काम उरकलं होतं. खाटीकखान्यातून गाईचे डोळे आणून त्यांच्यावर द्राव टाकून पाहिला. डोळे जसेच्या तसे स्वच्छ. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कातडीच्या तुकड्यांनीही हूं की चूं केलं नाही. आता उरली होती जिवंत माणसाची पाठ. एका पट्टीत पातळ केलेला द्राव, शेजारच्या पट्टीत साबणाचं पाणी, आणि तिसरीत तुलनेसाठी नुसतं पाणी.

हे काम नीट झालं, तर टॉर्स्टेन आपल्या सगळ्या मालाची तपासणी इथेच करणार होता. फसलं, तर प्रयोगशाळेला हिवाळ्याआधी कुलूप, आणि राउनोला तळ्याकाठचं घर विकून नोकरीसाठी हेलसिंकीला जाणं भाग. त्याच्या बायकोने, हेल्काने, यावर आपला निर्णय आधीच सांगून टाकला होता. “तू खुशाल जा. मी आणि होडी इथेच राहतो.”

गुरुवारी पाठी जमल्या. बसचालक पेंटी आला, वाचनालयातली सोइली आली, गावातले आणखी काही जण आले. टॉर्स्टेन तर समुद्रकाठच्या आपल्या गावाहून गाडी हाकत आला आणि म्हणाला, “माझा माल आहे, माझ्याही पाठीला लावा.” तरी एक पाठ कमी पडली, तेव्हा राउनोने आपली स्वतःची दिली. मग त्याने नियम वाचले. पाठ भिजवायची नाही. घाम आणायचा नाही. खाजवायचं नाही. सौनात वाफ घ्यायला जायचं नाही.

सदरे चढवणारे हात जागीच थांबले.

“कधीपर्यंत?” पेंटीने विचारलं.

“सोमवारपर्यंत.”

“मध्ये युहान्नुस आहे.”

“मला माहीत आहे, पेंटी.”

“म्हणजे युहान्नुसलासुद्धा सौना नाही?”

“नाही म्हणजे नाही.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गंभीरपणे माना हलवल्या. राउनो खूश झाला.

“बघा, एकाने तरी कुरकुर केली का?” मंडळी गेल्यावर तो माइरेबाईंना म्हणाला.

“कुरकुर केली नाही. पण तोंडाने ‘हो’ कोण म्हणालं, तेवढं मला सांग.”

शुक्रवारी राउनो आणि हेल्का सासुरवाडीच्या तळ्यावरच्या घरी पोचले, आणि पोचल्या पोचल्या राउनोला आपल्या योजनेतलं भोक दिसलं. ते भोक लाकडाच्या ओंडक्यांचं होतं, त्याला नवं कोरं दार होतं आणि वर धुराडं. सासरे आर्मास यांनी दोन उन्हाळे खपून, कुणाला हात लावू न देता, नवा सौना बांधला होता. आज त्यात पहिला जाळ घातला होता.

“चला जावई,” आर्मास म्हणाले, “पहिल्या वाफेला तुम्ही आणि मी.”

“बाबा, मला यंदा जमणार नाही. पाठीवर चाचणीच्या पट्ट्या आहेत.”

 आर्मासनी हातातली भूर्जाच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी हळूच बाकावर ठेवली आणि तळ्याकडे बघत उभे राहिले. त्या देशात सासरा ओरडला तर जावई वाचतो. गप्प झाला तर कठीण असतं.

हेल्काने राउनोला स्वयंपाकघरात ओढलं. “दोन वर्षं, राउनो. दोन वर्षं हा माणूस तुझ्यासोबत पहिली वाफ घ्यायची म्हणून थांबलाय. त्याने मलासुद्धा आधी आत जाऊ दिलं नाही.”

“अगं पण शास्त्र...”

“शास्त्राला काय गुंडाळायचं ते गुंडाळ.”

राउनोने तो सल्ला शब्दशः घेतला. अन्न झाकायचं पारदर्शक प्लास्टिक त्याने छातीपाठीला असं गच्च गुंडाळलं, की त्याला नीट श्वासही घेता येईना. आत पाण्याचा थेंब जायचा नाही! खालच्या बाकावर पाच मिनिटं बसायचं, सासऱ्याचा मान राखायचा आणि बाहेर पडायचं. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

“खालच्या बाकावर आमच्याकडे कुत्रा बसतो, जावई,” आर्मास वरून म्हणाले.

राउनो वर गेला. आर्मासनी तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ आली ती अशी मऊ, अशी दमदार, की राउनोच्या डोळ्यांत पाणी आलं. आणखी पाणी पडलं. मग आर्मासनी जुडी उचलली आणि अत्यंत प्रेमाने जावयाची पाठ झोडपायला घेतली. तिसऱ्या फटक्याला प्लास्टिक फाटलं, पाचव्याला कमरेशी गोळा झालं. राउनोने ते पाहिलं. थांबा, असं म्हणायला त्याने तोंडही उघडलं. पण बाहेर पडलं ते फक्त “आहाहा.”

त्यानंतर तळ्यात उडी मारणं आलंच, आणि पुन्हा आत. एकदा बुडालेल्याला पावसाची काय भीती!

रात्री अंथरुणावर त्याला थोडी लाज वाटली, नाही असं नाही. पण राउनो खचणाऱ्यातला नव्हता. दहातली एक पाठ बाद झाली तर काय बिघडलं? नऊ शिल्लक आहेत. तो निवांत झोपला.

सोमवारी पेंटी सगळ्यात आधी आला. सदरा काढून त्याने पाठ फिरवली. पाठ लालबुंद होती, आणि पाण्याच्या पट्टीखालून एक हिरवं पान डोकावत होतं.

“पेंटी, सौनात गेला होतास?”

“नाही.”

“मग हे भूर्जाचं पान कसलं?”

“माझ्या सौनात नाही गेलो,” पेंटी म्हणाला. “मेव्हण्याच्या गेलो. त्याने बोलावलं होतं. बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं?”

सोइलीने तर नियम पाळायची शिकस्त केली होती. ती आत बसली होती, पण दार किलकिलं करून पाठ तेवढी बाहेर ठेवली होती. वाफ जाते म्हणून आतली मंडळी चिडली, आणि शेवटी नणंदेने तिला हात धरून आत ओढलं. तिसऱ्याचं म्हणणं, युहान्नुसचा सौना हा सण असतो, त्याला सौना म्हणत नाहीत. चौथ्याने प्लास्टिक गुंडाळलं होतं. हे ऐकून राउनोला खोकला आला. एकेक करून सगळ्यांचे सदरे उतरले. सगळ्या पाठी टोमॅटो. द्रावाची जागा लाल, साबणाची लाल, पाण्याची सगळ्यात लाल.

माइरेबाई चष्मा लावून रांगेवरून फिरल्या. “या निकालाप्रमाणे पाणी हा अत्यंत घातक पदार्थ आहे,” त्या म्हणाल्या. “केउरूतल्या लोकांनी यापुढे तळ्याच्या आसपास फिरकू नये. राउनो, आता तुझी दाखव.”

“माझी कशाला? मी तर...”

“सदरा काढ.”

राउनोने सदरा काढला. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

“सासऱ्यांनी स्वतः बांधलेला होता,” तो पुटपुटला.

“जुडी बाकी चांगली होती,” माइरेबाई म्हणाल्या. “पानं ठसठशीत उठली आहेत.”

त्याच वेळी दार उघडून टॉर्स्टेन आत आला. समोर उघड्या, लाल पाठींची रांग. तिचा अर्थ त्याला कळायच्या आत त्याने अभिमानाने आपला सदरा उतरवला. “मी शब्द पाळला,” तो म्हणाला. “बायको आत, मुलं आत, भाऊ आत. मी सगळे दिवस बाहेर ओंडक्यावर बसून सॉसेज भाजत होतो. घ्या, बघा माझी पाठ.”

सगळ्यांनी पाहिली. पट्ट्या कोरड्या होत्या, जागच्या जागी होत्या. पण त्यांच्या आजूबाजूला, मधल्या फटींत, कडांवर आणि कडांच्या आतसुद्धा, मानेपासून कमरेपर्यंत डासांनी त्या पाठीवर एक जागा मोकळी ठेवली नव्हती. गांधींवर गांधी उठल्या होत्या. त्यातून द्रावाची लाली कुठली आणि डासाची कुठली, हे प्रत्यक्ष डासालाही सांगता आलं नसतं.

“सदरा नव्हता घातला?” माइरेबाईंनी हळूच विचारलं.

“पट्ट्यांना घासायला नको म्हणून काढला होता.” एवढं बोलता बोलता टॉर्स्टेनचं लक्ष पुन्हा त्या रांगेकडे गेलं. पेंटीच्या पाठीवरचं पान त्याने नीट न्याहाळलं. मग सोइलीची पाठ, मग पुढची. त्याला सगळा उलगडा झाला.

राउनोने मनातल्या मनात हिशेब केला. गेलं घर, गेली होडी, आणि होडीबरोबर हेल्काही. माइरेबाई काही बोलणार, एवढ्यात तो पुढे झाला.

“चूक माझी आहे, टॉर्स्टेन. युहान्नुस मी निवडला, नियम मी केला, आणि शुक्रवारी पहिला मोडलाही मीच. यांचं काही चुकलं नाही. माइरेबाईंचं तर नाहीच.”

 टॉर्स्टेन भिंतीच्या कोपऱ्याला पाठ घासू लागला.

“वाफ कशी होती?” शेवटी त्याने विचारलं.

“बरी होती.”

“नुसती बरी?”

राउनोला खोटं बोलवेना. “फार सुंदर होती.”

टॉर्स्टेनने डोळे मिटून एक उसासा सोडला. “पाठी बऱ्या झाल्या की पुन्हा चाचणी करायची,” तो म्हणाला.

“हो, हो. या खेपेला सोमवारी लावून शुक्रवारी काढू,” राउनो घाईने म्हणाला. “म्हणजे दर शनिवारच्या सौनाचा प्रश्नच नको.”

“नाही. शनिवार मध्येच आला पाहिजे. या खेपेला मी आत बसणार आणि तुम्ही सगळे बाहेर. आणि माना हलवू नका. तोंडाने म्हणा.”

“हो,” सगळे म्हणाले. पेंटी शेवटी म्हणाला, पण म्हणाला.

जुलैत पुन्हा पट्ट्या लागल्या. टॉर्स्टेनच्या जागी माइरेबाईंनी स्वतःची पाठ दिली. त्या शनिवारी गावातल्या सौनांतून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते आणि नेमकी दहा माणसं बाहेर होती. सोइली घरात खिडक्या लावून वाचत बसली. पेंटी रिकाम्या बसमध्ये दार लावून बसला. राउनोला मात्र सासऱ्यांच्या अंगणातच बसणं आलं, कारण आर्मासनी याही वेळी बोलावलं होतं. पण टॉर्स्टेनसारखं डासांच्या तोंडी जायला तो काही खुळा नव्हता. त्याने माळ्यावरून सासऱ्यांचा बर्फावर मासे धरायला जायचा लोकरी अस्तराचा कोट काढला, जाड विजार चढवली, डोक्याला जाळी बांधली आणि ऐटीत ओंडक्यावर बसला. एकही डास शिवू शकला नाही.

“काय जावई,” आर्मासनी आतून हाक मारली, “बाहेर थंडी फार आहे का?”

“मजेत आहे, बाबा!” राउनो ओरडला, आणि जाळीतून घाम पुसायचा प्रयत्न करू लागला.

सोमवारी माइरेबाईंनी पाठी तपासल्या. एकेक पाठ निर्मळ होती, आणि माइरेबाईंची सोइलीने तपासली, तीही. द्रावाची जागा पाण्याच्या जागेहून वेगळी ओळखू येत नव्हती. टॉर्स्टेन प्रसन्न झाला. पुढच्या मालाच्या बाटल्या त्याने गाडीतच आणल्या होत्या. त्या त्याने तिथल्या तिथे टेबलावर मांडल्या. प्रयोगशाळा वाचली. राउनोला वाटलं, आता धावत जाऊन हेल्काला सांगावं.

“अजून एक पाठ राहिली,” माइरेबाई म्हणाल्या.

राउनोने विजयी वीराच्या थाटात सदरा काढला. पट्ट्या पाठीवर नव्हत्या. तिन्ही घसरत घसरत विजारीच्या नाडीपाशी येऊन गोळा झाल्या होत्या, आणि वरची सगळी पाठ घामोळ्यांनी फुलली होती.

“आईशप्पथ, सौनात पाऊल टाकलं नाही,” राउनो कळवळून म्हणाला. “डासांसाठी फक्त कोट घातला होता.”

“कोणता कोट?”

त्याने सांगितलं.

“आमचं नऊ पाठींवर भागेल,” माइरेबाई म्हणाल्या आणि त्याचा सदरा उचलून त्याच्या हातात दिला. “पण राउनो, सौनात गेला असतास, तर निदान मजा तरी आली असती.”

राउनो सदरा तसाच हातात धरून भिंतीच्या कोपऱ्याकडे वळला. पाठ फार खाजत होती.