हवालदार अस्वलाची शिंक

मुलांनो, आधीच हात जोडतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. सातवीत शाळा सुटली तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ वर्गातच राहिले, मी एकटाच बाहेर आलो. शब्दही साधेच आहेत. कुठे एखादा भारी शब्द दिसला, तर समजा की तिथे साहेब बोलताहेत.

तर एका जंगलात एक फौज होती आणि त्या फौजेत एक नाक होतं.

नाक होतं शिदोजी नावाच्या अस्वलाचं. शिदोजी फौजेत हवालदार होता. अस्वलांना डोळ्यांनी बेताचंच दिसतं, पण नाकाने ती डोंगरापलीकडचं मधाचं पोळं ओळखतात. म्हणून शिदोजीला सरहद्दीवरच्या नाल्यात पहाऱ्याला ठेवलं होतं. तरसांची टोळी आली की वासावरून ओळखायचं आणि मागे कळवायचं.

नाल्यात गाजरगवत माजलं होतं. ते कापायचं नाही असा हुकूम होता, कारण त्यात फौज छान लपायची. शिदोजी पावसाळ्यामागून पावसाळे त्या पांढऱ्या फुलांत पडून राहिला. नाक खाजायचं, डोळे गळायचे, शिंक यायची. पण शिंकलं तर तरसांना पत्ता लागणार. मग तो चिखलात नाक खुपसायचा आणि शिंक गिळायचा.

तरसं आली. लढाई झाली. फौज जिंकली. गिळलेल्या शिंका मात्र शिदोजीच्या नाकातच राहिल्या, आणि निवृत्त झाल्यावर एकेक करून बाहेर पडू लागल्या.

माजी सैनिकांची वस्ती दरीत होती. तिथेही दारापर्यंत गाजरगवतच. शिदोजी सकाळी शिंकायला लागला की उन्हं कलेपर्यंत शिंकायचा. नाक वाहायचं, कान दडायचे, आणि वास तर मेलाच. एकदा त्याने मोठ्या कौतुकाने मधाचं पोळं म्हणून गांधीलमाश्यांचं पोळं घरी आणलं. त्याची बायको साळू कितीतरी दिवस सुजलेल्या तोंडाने हिंडत होती.

"अहो, वास नाही आला?" तिने विचारलं.

"कसला?"

"कसलाही."

शिदोजी नाक पुसत बसला. लग्नाच्या दिवसापासून तो साळूला वासावरून ओळखत आला होता. आता आवाजावरून ओळखायचा. ती न बोलता शेजारून गेली, तर कोण गेलं ते त्याला कळत नसे. हे तिला सांगायची त्याला लाज वाटायची.

डोंगरावर कातळ होता. उघडा, स्वच्छ, भरपूर वाऱ्याचा. तिथे गवताची काडी उगवत नसे. लढाईत अपंग झालेल्यांना तिथल्या गुहा मिळत. शिदोजीचा मित्र तुळाजी गवा तिथेच राहायचा. त्याचं एक शिंग लढाईत गेलं होतं.

"तूही अर्ज कर की," तुळाजी म्हणाला.

"काय तोंडाने करू, तुळाजीराव? तुमचं शिंग गेलं. कुणाचा पाय गेला. आणि मी सांगू, माझं नाक गळतं?"

"नाक जागेवर आहे ना?"

"आहे."

"तिथेच चुकलास लेका. रणांगणावर टाकून यायचं होतंस."

शिदोजीला ते पटलं. पण साळूने मागून ढकललं आणि तो वैद्यकीय मंडळापुढे जाऊन उभा राहिला.

मंडळ तळ्यातल्या बेटावर भरायचं. अध्यक्ष बगळा, सदस्य कासव. बेटावर पोहत जावं लागे. पोहता पोहता शिदोजीचं नाक धुऊन निघालं. वर स्वच्छ वारा. नाक कसं नव्यासारखं झालं.

"शिंका," अध्यक्ष म्हणाले.

"आत्ता येत नाही साहेब."

"मग अपंगत्व कुठे आहे?"

"घरी आहे साहेब. दारातच उगवतं."

"मंडळ कुणाच्या दारी जात नाही." अध्यक्षांनी डोळे मिटले. "सदर विकार सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेत बळावलेला नाही, आणि तूर्त आढळलेलाही नाही."

कासवाने मान आत घेतली. म्हणजे सदस्य सहमत.

"पुढच्या वेळी पुरावा घेऊन जा," साळू म्हणाली.

म्हणून अपिलाच्या दिवशी शिदोजी डोक्यावर गाजरगवताची जुडी बांधून पोहत गेला. अध्यक्ष म्हणाले, "कामकाजाला प्रारंभ..." आणि शिदोजी असा शिंकला की कासव उताणं झालं.

आता मुलांनो, त्या जंगलात एक रीत होती. तुमच्याही घरी असेल. कामाला निघताना कुणी शिंकलं, तर थोडं थांबायचं. शिंक उतरली की मग निघायचं.

"प्रारंभालाच शिंक," अध्यक्ष म्हणाले. "आज कामकाज नाही. पुढची तारीख घ्या."

"पण साहेब, हाच तर माझा आजार."

"तो मंडळाने पाहिलेला नाही. कामकाज सुरूच झालेलं नाही."

पुढच्या तारखेलाही तेच. त्याच्या पुढच्याही. जुडी नेली तर तारीख, न नेली तर नकार. शिदोजी हिरमुसून जुडी बेटावरच टाकायचा आणि पोहत परत यायचा.

शेवटचं अपील उरलं, तेव्हा तुळाजीने उरलेलं शिंग खाजवत विचार केला.

"दुसरी रीत विसरलास का? बोलण्याच्या मध्येच शिंक आली, तर ते बोलणं खरं धरतात. सुरुवातीला शिंक दाबून धर. गिळण्यात तू पटाईतच आहेस. मग तुझी हकिकत सांगता सांगता मध्यावर सोडून दे."

बेत चोख होता. शिदोजीने सुरुवातीची शिंक गिळली. कामकाज सुरू झालं. काठावर सगळं जंगल जमलं होतं. शिदोजी बोलायला उभा राहिला. तो तरसांपुढे कधी घाबरला नव्हता, पण चारचौघांत कधी बोललाही नव्हता. तो नुसताच उभा राहिला. नाक हुळहुळायला लागलं.

"सांगण्यासारखं काही नसावं," अध्यक्ष म्हणाले. "हा प्राणी ठणठणीत आहे. याला गवताचा कसलाही त्रास..."

आणि नेमकी तेव्हाच शिंक सुटली.

"...नाही," अध्यक्षांनी वाक्य पुरं केलं.

"खरं आहे, खरं आहे," काठावरून सगळं जंगल म्हणालं.

परतताना शिदोजी साळूला म्हणाला, "माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला अख्ख्या जंगलात कुणी तयार नव्हतं. शेवटी मीच दिली."

तो पावसाळा सरला. बेटावर टाकलेल्या जुड्यांचं बी रुजलं आणि बेट पांढऱ्या फुलांनी भरून गेलं. अध्यक्ष एका पायावर उभे राहून शिंकू लागले. कासवाची शिंक कवचातच घुमायची. मंडळाने तातडीने बैठक घेतली आणि हा विकार सेवेमुळेच उद्भवला आहे, असं एकमताने ठरवलं. त्या बैठकीच्या प्रारंभाला दोघेही शिंकले होते, पण कुणी थांबलं नाही. अध्यक्षांना कातळावर गुहा मिळाली. कासवालाही मंजूर झाली. ते अजून चढतंय.

राहता राहिलं बेटावरचं गवत. ते उपटायचं कुणी? ज्याला गवताचा कसलाही त्रास नाही, असं सर्वांसमक्ष सिद्ध झालेला प्राणी जंगलात एकच होता. शिदोजीला हुकूम आला. उद्या सकाळी कामाला लागावे.

"आता हो?" साळूने विचारलं.

"हुकूम आहे. निघायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिदोजीने कामासाठी पाऊल बाहेर टाकलं आणि शिंकला. रीतीप्रमाणे तो खाली बसला. थोड्या वेळाने उठला, पाऊल टाकलं, शिंकला, पुन्हा बसला.

"थांबायचंच तर वर कातळावर थांबा," साळू म्हणाली. "इथे ती शिंक उतरायची नाही."

दोघं वर गेली. कासवासाठी राखलेली गुहा मोकळीच होती. शिदोजी तिच्या तोंडाशी बसला. शिंका थांबल्या. शिदोजी प्रामाणिक. लगेच उठून कामाला निघाला. पायवाट उतरून दरीत आला, शिंकला, आणि थांबायला परत वर गेला. शेजारच्या गुहेतून अध्यक्षांनी एक डोळा उघडला आणि मिटला. रीत मोडा असं त्यांना म्हणता येईना.

पुन्हा एकदा उतरून शिदोजी वर आला आणि डोळे मिटून बसला. मागून कुणीतरी येऊन शेजारी टेकलं.

"साळू," तो म्हणाला.

"मी तर काही बोललेच नव्हते," साळू म्हणाली.

"हो," शिदोजी म्हणाला, आणि बसून राहिला.

तात्पर्य : लढाईला जाताना तुटेल आणि दिसेल असंच काहीतरी गमवायच्या तयारीने जावं. ज्याला शिंग नाही त्याने उगाच नाक पणाला लावू नये. आणि लावलंच, तर न्याय मागताना कधीही शिंकू नये, हुकूम पाळताना मात्र जरूर शिंकावं.