ओट्याचं मूळ

"राजस्थानचा हाय! अस्सल ग्रॅनाइट!" काल्हेरच्या नव्या घरातल्या गुलाबी ओट्यावर थाप मारत केसरीनाथ गरजले.

"बाबा, तुम्हाला गंडवलंय," दिपाली म्हणाली. "हा कुठल्या खडकातून वितळून झाला, ते त्याच्या अंगातली मूलद्रव्यं सांगतात. दुकानदार नव्हे!"

"मग टाक तुझ्या मशिनीत! दगडाची कुंडली काढनारी पोर हाय माझी! पन ओटा कसा वाटला, ते सांग की!"

"आधी रिपोर्ट येऊ द्या."

सिंकसाठी कापलेला तुकडा तिने कॉलेजात दळला आणि संध्याकाळी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून फडताळात ठेवला. दुसऱ्या सकाळी केसरीनाथ त्याच ओट्याशी चहा उकळायची वाट बघत उभे होते. खाली बसले, ते उठलेच नाहीत.

अस्थी नाशिकला गेल्या. गावच्या खाडीसाठी थोडी राख आक्का आत्याने मागे ठेवली. तसल्याच दुसऱ्या बरणीत!

"ताई, तुझी दगडाची पूड लॅबला कुरिअर केली," भाऊ प्रितेश म्हणाला. "तेवढंच तुझं एक काम कमी."

खाडीवर आक्काने बरणी उपडी केली. राख तरंगलीच नाही, धपकन तळाला गेली!

"भाऊ माझा वजनदार व्हता," आक्काने डोळे पुसले. दिपालीला चमत्कारिक वाटलं, पण अशा वेळी कोण विचारतं?

मग लॅबचा फोन आला.

"मॅडम, हा ग्रॅनाइट नाहीच! सिलिका नावाला, कॅल्शियम अफाट, वर फॉस्फरस! असा खडक पृथ्वीवर नाही. उल्का आहे का?"

दिपालीला त्या दोन सारख्या बरण्या आठवल्या.

"हात लावू नका त्याला!"

"विषारी आहे?"

"नाही! ते माझे बाबा आहेत!"



"मॅडम… तपासायला चिमूटभर वितळवून काचेची टिकली केलीय."

"तीही पाठवा!"

आक्का थिजून ऐकत होती. "म्हंजे खाडीत मी ओटा सोडला?"

"हो."

"नारल वाहिला, गला काढून रडली, ते सिंकच्या भोकासाठी?"

बरणी परत आली, टिकलीही. दिपालीने दोन्ही ओट्यावर ठेवली.

"ताई, ओट्याचा कोपरा काढून देऊ?" प्रितेशने हळूच विचारलं. "तुझा रिपोर्ट राहिला."

"नको."

तिने गुलाबी दगडावर तळवा टेकवला. गार होता.

"ओटा फार सुंदर आहे, बाबा," ती बरणीला मोठ्याने म्हणाली. "राजस्थानचाच आहे!"