श्रावणचा फॉइबल

सिंदी मेघेला चंद्रभानच्या ओसरीवर मुलगी पाहण्याचा कार्यक्रम छान चालला होता. कारंज्याहून सकाळच्या मोटारीने श्रावण आला होता. त्याला वडील नव्हते, म्हणून वडीलकीच्या नात्याने त्याचे शाळेतले इंग्रजीचे मास्तर प्रभाकरराव सोबत होते. चंद्रभानची मुलगी जिजा पोहे देऊन आत गेली. तेवढ्यात शेजारच्या शकुबाईने परसातून हाक मारली, तिला टोपली उचलून द्यायला कुणीतरी हवे होते. श्रावण पोहे तसेच टाकून गेला.

चंद्रभानने संधी साधली. "मास्तर, पोरगं चांगलं दिसते. पन काही असंन तर आत्ताच सांगून द्या. मागून बोभाटा नको."

प्रभाकरराव खोटे बोलत नसत, आणि नेमका शब्द सापडला की त्यांना राहवतही नसे.

"मुलगा सोन्यासारखा आहे. एक फॉइबल आहे फक्त."

चंद्रभानचा चहाचा कप ओठापाशीच थांबला. आतून त्याच्या बायकोने, यशोदाबाईने विचारले, "काय आहे म्हनते?"

"फॉयबल."

"कुठं?"

"ते नाई सांगितलं."

यशोदाबाई बाहेर आली आणि श्रावणचे उरलेले पोहे उचलू लागली. अशा माणसाला तेल-तिखट चालते की नाही, कोण जाणे. "सेवाग्रामले डॉक्टरले दाखवलं काय?"

"अहो, रोग नव्हे तो. फॉइबल म्हणजे दुर्बळपणा."

चंद्रभानने मान खाली घातली. "यशोदे, तू जरा आत जाय."

प्रकरण भलतीकडे चालले हे मास्तरांच्या ध्यानात आले. शब्द मुळापासून समजावला की सारे सुरळीत होईल, असे त्यांना वाटले. "हा शब्द फ्रेंचांकडून आला. त्याचं मूळ लॅटिन. रडण्याजोगा, असा त्याचा अर्थ."

आत यशोदाबाईने पदर डोळ्यांना लावला.

"तलवारीलाही फॉइबल असतो," मास्तर घाईने म्हणाले. "मुठीजवळचं पातं बळकट, टोकाकडचं कमजोर."

"मंग वार कुठं लागला त्याले?"

"वार नाही हो! त्याला नाही म्हणता येत नाही, इतकंच."

"काऊन? जीभ जड आहे?"

"जीभ ठीक आहे. कुणी काही मागितलं की याच्या तोंडून नकार निघत नाही. ऐन पेरणीत बैलजोडी शेजाऱ्याला देऊन बसला, स्वतःचं वावर तसंच पडून. आता बघा, केव्हाचा गेलाय."

सगळे परसात गेले. टोपली केव्हाच उचलून झाली होती. श्रावण पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभा राहून शकुबाईच्या वांग्यांना पाणी देत होता. नवा सदरा मातीने माखला होता. शकुबाई बाजेवर बसून पान खात होती.

चंद्रभानने वाफे निरखले. तो स्वतः भाजी पिकवणारा; त्या नजरेने पाहिले तरी पाणी कुठे तुंबले नव्हते, की एक रोप आडवे झाले नव्हते.

"मास्तर, याले तुमी कमजोरी म्हनता?" तो हळूच म्हणाला. मग मोठ्याने, "पावने, पोरगी पसंत आहे ना?"

"हो," श्रावण म्हणाला.

यशोदाबाईने डोळे पुसले. मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. तोच मागच्या दारातून जिजाचा आवाज आला.

"बाबा, त्याईले नाई म्हनताच येत नाई, तर या हो-चं म्या काय करू?"

असा प्रश्न इतक्या वर्षांत वर्गात कुणी विचारला नव्हता. मास्तर दाराकडे कौतुकाने पाहत राहिले.

"खरं आहे पोरीचं," शकुबाई बाजेवरून म्हणाली. "पावने, माही भाची आहे सालोडले. लग्नाचीच आहे. आत्ता चला, तिलेबी पाहून घ्या."

श्रावणच्या हातातले फावडे थांबले. त्याचे तोंड उघडले, मिटले. कान लाल झाले. ओठांवर आलेला होकार सगळ्यांना दिसला, आणि तो त्याने गिळला तोही दिसला.

"नाई," तो म्हणाला. मग स्वतःचाच आवाज ऐकून दचकल्यासारखा पुन्हा म्हणाला, "नाई येत मी."

शकुबाईचे पान तोंडातच राहिले.

"आता विचारा, बाबा," जिजा म्हणाली.